प्रतिसाद: श्टोसच्या धारेबद्दल थोडं आणखी

स्वित्झर्लंडमधल्या श्टोस गावाजवळची, डोंगराच्या धारेवरून क्लिंगेनश्टोक ते फ्रोनआल्पश्टोक या शिखरांमधली वाट साठीच्या आईवडिलांना जमेल का, असं वर विचारलंय. रोज चालायची सवय असेल तर जमेल, पण गुडघे कुरकुरत असतील तर नको. अंतर जेमतेम साडेचार-पाच किलोमीटर असलं तरी वाट सपाट नाही. क्लिंगेनश्टोक (१९३५ मीटर) पर्यंत रोपवेच्या पाळण्यात बसून जाता येतं, मग धारेवरून उतरायचं, हूझरश्टोक चढायचा, परत उतरायचं आणि शेवटी फ्रोनआल्पश्टोकचा चढ. पाट्यांवर दोन तास लिहिलेत. आम्हाला साडेतीन लागले, त्यात अर्धा तास फोटोंचा!

अरुंद जागी खडकात साखळ्या ठोकल्यात. सकाळी त्या इतक्या गार असतात की बोटं बधिर होतात, हातमोजे न्या. पाऊस पडून गेला असेल तर चुनखडीचा दगड साबणासारखा होतो. मी एकदा सपशेल बसलोय, म्हणून सांगतो.

डावीकडे खाली उर्नर सरोवराचं पाणी आणि पलीकडे रुटलीचं कुरण दिसतं. उजवीकडे गाईंच्या घंटा आणि हिरवे उतार.

श्टोसला नेणारी २०१७ची ती ११० टक्के चढाची (म्हणजे १०० मीटर आडवं जाताना ११० मीटर वर) रेल्वे चुकवू नका. डबे पिंपासारखे गोल फिरतात, त्यामुळे आपण मात्र सरळच उभे. आईवडिलांना धार नको वाटली, तर फ्रोनआल्पश्टोकलाही पाळणा जातो. त्यांना तिथे चहाला बसवा, तुम्ही चालत या.