ब्रुनेईत मोर्चे निघत नाहीत म्हणजे लोक खूश आहेत?

वैदेही_प:
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलाय. ब्रुनेईत (बोर्निओ बेटावरचा तेलवाला छोटा देश) इन्कम टॅक्स नाही, शिक्षण फुकट, दवाखान्यात एक डॉलर दिला की झालं, सुलतान १९६७ पासून गादीवर आणि एक मोर्चा नाही की दंगा नाही, मग लोकशाहीचं काय लोणचं घालायचंय, असं त्यात लिहिलंय. खाली अंगठेच अंगठे. तिथे उत्तर दिलं तर राजकारण नको म्हणून गप्प बसवलं, म्हणून इथे लिहितेय.

मोर्चा का नाही? कारण तिथे डिसेंबर १९६२ पासून आणीबाणी आहे. दर दोन वर्षांनी मुदत वाढवतात, आजपर्यंत. आपल्याकडे एकवीस महिन्यांची आणीबाणी झाली तर आपण अजून त्यावर भांडतोय आणि तिथे दोन पिढ्या त्यातच म्हाताऱ्या झाल्या. आणि तिथल्या लोकांना मतदान नकोच होतं असंही नाही. ऑगस्ट १९६२ मध्ये निवडणूक झाली होती, ३३ जणांच्या कौन्सिलात निवडून द्यायच्या जागा फक्त १६, आणि त्या सगळ्या अझाहारी नावाच्या पुढाऱ्याच्या पार्ताई राक्यात या पक्षाला मिळाल्या. ते कौन्सिल भरलंच नाही. डिसेंबरमध्ये उठाव झाला, सिंगापूरहून ब्रिटिश आणि गुरखा फौज आली, काही दिवसांत मोडला. पक्षावर बंदी. त्यानंतर १९६५ ला कौन्सिलच्या काही जागांसाठी एकदा निवडणूक झाली, मग आजतागायत नाही. सुलतान स्वतःच पंतप्रधान, अर्थमंत्री, संरक्षणमंत्री. लोकांनी एकदा कौल दिला होता आणि तो गुंडाळून ठेवला, एवढं तरी त्या फॉरवर्डवाल्याने वाचायला हवं होतं.

बलाईतकर:
ताई, मी ब्रुनेईतल्या क्वाला बलाईतला बरीच वर्षं राहिलोय, सेरियाच्या तेलाच्या कामावर. तुम्ही पुस्तकातून बोलताय. उठाव म्हणजे काय सत्याग्रह नव्हता, बंदुका घेऊन पोलीस स्टेशनवर हल्ले केले, सेरियात लोक ओलीस धरले, आणि अझाहारी स्वतः कुठे तर मनिलात. मागे इंडोनेशियाचा हात होता. त्या सुलतानाने (आत्ताच्या नाही, त्याच्या वडिलांनी) हे मोडलं नसतं तर आज ब्रुनेई नावाचा देश नकाशावर नसता. तेव्हा मलेशियात घालायचं चाललं होतं, तेलाचा पैसा क्वालालंपूरला गेला असता. १९६३ ला मलेशियात जायच्या करारावर सही केली नाही हे शहाणपण होतं.
बाकी रात्री दोन वाजता बायकामाणसं रस्त्याने एकटी जातात. ते आधी आपल्याकडे करून दाखवा.

वैदेही_प:
मलेशियात जायला अझाहारींचा पक्षच सगळ्यात जास्त विरोध करत होता, हे कसं विसरता? त्यांना उत्तर बोर्निओचं वेगळं राज्य हवं होतं, तेही सुलतानालाच प्रमुख ठेवून. बंदूक उचलली ते चूकच, मी समर्थन करत नाही, पण निवडून आलेल्यांना बसूच दिलं नाही हा भाग तुम्ही सोडून दिलात.

सांगलीकर भाऊ:
मला एक कळत नाही, टॅक्स नाही ही गोष्ट छोटी आहे का? मी ३० टक्के भरतो, वर जीएसटी, आणि घरासमोर गेल्या पावसाळ्यातला खड्डा या पावसाळ्यात पण आहे, नगरसेवक निवडून दिलेलाच आहे ना, मग? मला राजा चालेल, रस्ता द्या.

टेकडीवरचा:
भाऊ, तुम्ही भरता म्हणून निदान ओरडू तरी शकता. तिथे सरकारला तुमच्या खिशाची गरजच नाही, १९२९ ला सेरियात तेल सापडलं आणि १९७२ पासून लुमुटचा द्रवरूप गॅस जपानला जातोय, सगळं चालतं त्यावर. मग हिशेब कोण मागणार? सुलतानाचा भाऊ जेफ्री अर्थमंत्री होता, देशाच्या गुंतवणूक संस्थेचा प्रमुखही तोच, १९९८ ला त्याची कंपनी बुडाली आणि सुमारे १५ अब्ज डॉलर गायब केल्याचा आरोप झाला. तो वाद शेवटी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या अपिलाच्या कोर्टापर्यंत गेला. ब्रुनेईच्या एकाही मतदाराला त्यात तोंड उघडता आलं नाही, कारण मतदारच नाही.

बलाईतकर:
जेफ्रीचं मान्य, तो माणूस उधळ्याच. पण सुलतानाने सख्ख्या भावावर केस केली हे पण लिहा.

नर्मदेकाठी:
राजा-लोकशाही चालू दे तुमचं. चिनी लोकांचं कुणीच बोलत नाहीये. बलाईतकर, तुमच्या गावात निम्मी दुकानं त्यांची असतील, त्यांच्यातल्या कितीतरी जणांकडे नागरिकत्व नाही हे माहीत आहे ना? पिढ्यान्‌पिढ्या तिथे जन्मले तरी. १९६१ चा कायदा, मलय भाषेची परीक्षा, आणि १९८४ ला ब्रिटिश गेले तसं त्यांचं ब्रिटिश संरक्षणही गेलं. पासपोर्ट नाही, नुसतं ओळखीचं सर्टिफिकेट. जमीन नावावर करता येत नाही.

बलाईतकर:
माहीत आहे. माझा घरमालक… म्हणजे घर त्याच्या बायकोच्या भावाच्या नावावर, कारण त्याला नाही घेता येत. त्याचे आजोबा तेलाच्या पहिल्या विहिरींवर मजूर होते. तो परीक्षेला बसला होता आणि नापास केला, झाडांची आणि माशांची स्थानिक नावं विचारली म्हणे. दोन तास मला ते ऐकवत होता. पण कधीही सुलतानाविरुद्ध अवाक्षर नाही, ईदला राजवाडा उघडतो तेव्हा रांगेत उभा राहून हात मिळवून आला.

नर्मदेकाठी:
अवाक्षर काढलं असतं तर काय झालं असतं, ते त्याला ठाऊक होतं. हात मिळवला म्हणजे समाधानी, असं कसं धरता? माझी मावशी आखातात २५ वर्षं नर्स होती, तिथल्या राजघराण्याच्या बायकांचं बाळंतपण केलं, आणि साठी उलटल्यावर व्हिसा संपला म्हणून बॅग भरून परत. तीही कधी वाईट बोलली नाही. मनात काय होतं ते आम्ही घरच्यांनी पाहिलंय.

सांगलीकर भाऊ:
आखाताचं इथे काय? आणि नर्सला नागरिकत्व कोण देतं?

नर्मदेकाठी:
नर्सचं सोडा. बलाईतकरांचा घरमालक तिथेच जन्मला, त्याचा बापही. त्याचं उत्तर द्या.

बलाईतकर:
त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. अन्याय आहे, म्हटलं, झालं समाधान? पण म्हणून सगळंच वाईट ठरवू नका. आसाममध्ये आपण काय केलं ते पण बघा.

वैदेही_प:
आसामवर लोक कोर्टात गेले, पेपरात लिहिलं, रस्त्यावर आले, अजून भांडतायत. ब्रुनेईत १९८५ ला एक पक्ष काढायला परवानगी दिली, सरकारी नोकरांनी सामील व्हायचं नाही अशी अट, आणि तिथे नोकरी म्हणजे बहुतेक सरकारीच. १९८८ ला तोही बंद, पुढारी आत. पक्षाची मागणी काय तर सुलतानाने पंतप्रधानपद सोडावं आणि निवडणूक घ्यावी. हिंसा नाही, बंदूक नाही, इंडोनेशिया नाही. १९६२ चं कारण इथे चालत नाही, बलाईतकर.

टेकडीवरचा:
आणि शरियाचा फौजदारी कायदा? २०१४ ला पहिला टप्पा, एप्रिल २०१९ ला दगडाने ठेचून मारायच्या शिक्षेसकट पूर्ण लागू. लोकांना कुणी विचारलं? बाहेरच्या नटनट्यांनी, कंपन्यांनी सुलतानाच्या हॉटेलांवर बहिष्कार टाकला तेव्हा मे महिन्यात मृत्युदंड स्थगित असल्याचं जाहीर केलं. परदेशी गिऱ्हाइकाचं ऐकलं, घरच्या माणसाला विचारायची पद्धतच नाही.

बलाईतकर:
१९८८ चं मला माहीत नव्हतं, त्यावर आत्ता बोलत नाही. पण एक सांगतो, त्याच काळात मी तिथे होतो, माझ्या मुलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन तिथल्या सरकारी दवाखान्यात झालं आणि परदेशी असूनही मला जे बिल आलं त्याच्या कितीतरी पट नंतर पुण्यात साध्या तापाला भरलं. तुम्ही मला कितीही वर्षं-तारखा द्या, हे मी विसरणार नाही.

वैदेही_प:
विसरू नका. दवाखाना चांगला होता यावर माझं भांडण नाहीच. तो तेलाच्या पैशाने बांधला आणि तेल सुलतानाच्या वडिलांनी पेरलं नव्हतं. तोच दवाखाना निवडून आलेल्या कौन्सिलने बांधला नसता, हे तुम्ही कशावरून म्हणता? त्या कौन्सिलला एक दिवससुद्धा बसू दिलं नाही.

सांगलीकर भाऊ:
आमची नगरपालिका बसलीये, बघा काय बांधते.