डिसेबिलिटीच्या केसमध्ये वकिलाची फी नक्की कशातून कापतात?

मेघना_टेक्सास
नमस्कार, ह्यांच्या पाठीची दोन ऑपरेशनं झालीत, वेअरहाऊसचं काम सुटून दीड वर्ष होईल. सोशल सिक्युरिटीने (इथलं सरकारी पेन्शन-डिसेबिलिटीचं खातं) अर्ज नाकारला, रिकन्सिडरेशनला, म्हणजे फेरतपासणीलाही नाहीच आलं, आता जजपुढे हिअरिंग, म्हणजे सुनावणी मागायचीय. वकील म्हणतो आत्ता एक डॉलर नको, जिंकलो तर २५ टक्के. पण २५ टक्के कशाचे? दर महिन्याच्या पैशातून कायम कापत राहणार का? घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललंय आणि सही करायला हात धजत नाहीये.

ओहायोवाला_दादा
ताई, महिन्याच्या पुढच्या पैशाला वकील हात लावू शकत नाही. २५ टक्के फक्त बॅकपेचे, म्हणजे मागची जी थकबाकी मिळते तिचे, आणि त्यालाही कॅप, म्हणजे वरची मर्यादा आहे, ३० नोव्हेंबर २०२४ पासून ९,२०० डॉलर, आधी ७,२०० होती. दोन्हींत जे कमी ते. माझ्या भावाच्या केसला पाच महिन्यांचा वेटिंग पिरियड (सुरुवातीचे महिने, ज्यांचे पैसे मिळत नाहीत) वजा होऊन बॅकपे धरला होता, तुमचंही तसंच होईल. समजा ४०,००० निघाले तर पाव हिस्सा १०,००० होतो पण वकिलाला ९,२००च. २०,००० निघाले तर ५,०००. तेही तुम्ही चेक लिहायचा नाही, सोशल सिक्युरिटीच कापून परस्पर त्याला देते.

कागदपत्रं_बघते
मी अशा केसेस घेणाऱ्या वकिलाच्या ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलाची मदतनीस आहे. वरचं बरोबर, पण लोक फसतात ते खर्चात. मेडिकल रेकॉर्ड्सच्या कॉपी, डॉक्टरची पत्रं, हे फीत धरत नाहीत आणि करारात तसं लिहिलं असेल तर केस हरली तरी द्यावं लागतं. माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, आधीच्या वकिलाने पाठवलेलं बिल चार घड्या घालून पर्समध्ये ठेवलेलं, त्यांना वाटलं हीच फी, आणि त्या बिचाऱ्या रडत होत्या. म्हणून कराराचं ते कलम आधी वाचा आणि ठरावीक रकमेवर खर्च जाणार असेल तर आधी विचारायचं असं लिहून घ्या. सोशल सिक्युरिटी वकिलाकडून प्रोसेसिंगचा जो चार्ज कापते तो त्याचा त्यानेच सोसायचा, तुमच्याकडून मागता येत नाही. मुलं १८ च्या आतली असतील आणि त्यांनाही बेनिफिट लागू झाला तर त्यांचाही बॅकपे २५ टक्क्यांत धरतात, कॅप मात्र सगळ्यांची मिळून एकच. केस फेडरल कोर्टात गेली तर तिथल्या फीचा नियम वेगळा, ते करारात आहे का तेही बघा. आणि मंजुरीनंतर फीचं पत्र येईल, आकडा पटला नाही तर १५ दिवसांत लेखी कळवायचं.

मेघना_टेक्सास
खर्चाचं कलम आत्ताच उघडून बघितलं, रक्कम लिहिलेलीच नाहीये. उद्या फोन करते.

कागदपत्रं_बघते
करा, पण हिअरिंगची मागणी थांबवू नका हं, नकाराचं पत्र मिळाल्यापासून ६० दिवसच असतात. वकील ठरला नसला तरी ती तुम्ही स्वतः ऑनलाइन टाकू शकता.