थिन क्लायंट: रास्पबेरी पाय घ्यावेत, की जुने पीसीच चालवावेत?

टाचणी:
आमच्या वाचनकक्षात १२ जुने पीसी असून प्रत्येकात २ जीबी रॅम आहे. विंडोज १०चे अद्यतन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यामुळे एक दमदार सर्व्हर घेऊन बाकी सर्व थिन क्लायंट (सर्व्हरच्या आधारावर चालणारी साधी यंत्रे) करावेत, असा विचार आहे. काम मुख्यतः ब्राउझर, लेखन आणि अधूनमधून व्याख्यानांचे व्हिडिओ एवढेच आहे. रास्पबेरी पाय ४ (एकाच बोर्डवरचे छोटे संगणक) घ्यावेत, वापरलेले थिन क्लायंट घ्यावेत, की आहेत तेच पीसी हार्डडिस्क काढून वापरावेत?

उलटा_स्लॅश:
यंत्र निवडण्याआधी प्रोग्राम कुठे चालणार, हे ठरवावे. ते सर्व्हरवर चालवून क्लायंटवर केवळ पडदा पाठवला, तर लेखनाला अडचण येत नाही; खरी परीक्षा व्हिडिओची असते. १९२० × १०८० बिंदूंचे चित्र, बिंदूमागे ३ बाइट आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्यास एका पडद्यालाच सुमारे १.२४ गिगाबिट प्रति सेकंद लागतात, म्हणजे गिगाबिटची केबलही अपुरी पडते. आरडीपी (विंडोजची दुरून पडदा दाखवण्याची पद्धत) ही माहिती दाबून पाठवते खरी, पण तो भार सर्व्हरच्या प्रोसेसरवर येतो आणि बारा जणांनी एकदम व्हिडिओ लावले की तो धापा टाकू लागतो. म्हणून मी एलटीएसपी (एका लिनक्स सर्व्हरवरून अनेक यंत्रे चालवण्याची प्रणाली) सुचवेन. २०१९मध्ये ती नव्याने लिहिली गेल्यापासून क्लायंट नेटवर्कवरून बूट (सुरू) होऊन प्रोग्राम स्वतःच्याच प्रोसेसरवर चालवतो. मात्र मग २ जीबीत आजचा ब्राउझर गुदमरतो. ४ जीबी तरी करावी.

जुनी_केबल:
वरील मताशी सहमत आहे. आम्ही वापरलेले थिन क्लायंट स्वस्तात घेतले, तेव्हा निम्म्यांसोबत अडॅप्टरच नव्हते आणि त्यांची पिन नेहमीपेक्षा वेगळी निघाली. पुढे काही यंत्रे रोज सकाळी नेटवर्क बूटची सेटिंग विसरू लागली. आठवडाभर स्विचवर संशय घेतल्यानंतर कळले की मदरबोर्डवरचा, सेटिंग जपणारा सीआर२०३२ सेल संपला होता! पाय ४ला खरा गिगाबिट पोर्ट आहे आणि तो मेमरी कार्डाविना नेटवर्कवरून बूट होतो. पाय ३बीचा पोर्ट १०० मेगाबिटचाच आहे. परंतु पाय एआरएम या पीसीपेक्षा वेगळ्या प्रकारच्या प्रोसेसरवर चालत असल्यामुळे जुन्या पीसींसोबत तो मिसळल्यास दोन वेगळ्या इमेज (यंत्रे ज्यावरून बूट होतात त्या प्रणालीच्या प्रती) सांभाळाव्या लागतील, आणि माझ्या मते हा त्रास पायच्या किमतीपेक्षा महाग पडतो.

शून्य_एक:
प्रोसेसर ६४-बिट आहेत का, हे आधी पाहावे, कारण डेबियन या लिनक्स प्रणालीच्या १३व्या आवृत्तीपासून ३२-बिट पीसींसाठी इन्स्टॉलर मिळत नाही. विंडोज सर्व्हर घेणार असाल, तर रिमोट डेस्कटॉपचे परवाने प्रत्येक वापरकर्त्यामागे किंवा यंत्रामागे वेगळे घ्यावे लागतात, तेही हिशेबात धरावे.

टाचणी:
सर्वांचे आभार. प्रोसेसर ६४-बिट आहेत. दोन बंद पीसींमधील रॅम काढून एकात ४ जीबी बसवली आहे. सोमवारी त्यावर एलटीएसपी बूट करून, व्हिडिओ लावून पाहतो आणि इथेच कळवतो. सेलही बदलून घेतो.