भाजणी ॲपवर टाकावी की व्हॉट्सॲपच बरं?

नौपाड्याची_भाजणीवाली: थालीपीठाची भाजणी आणि गोडा मसाला घरी करून विकते. सोसायटीचे ग्रुप आणि स्टेटस, एवढ्यावर महिन्याला चाळीसेक पाकिटं जातात. मुलगा म्हणतो, मोठ्या शॉपिंग ॲपवर टाक. मला वाटतं, ओळखीचं गिऱ्हाईकच सांभाळावं. काय म्हणता?

कासारवडवलीकर: ताई, मुलाचं ऐका. चाळीस पाकिटं म्हणजे हौस झाली. ओळखीचे दोनदा कौतुकाने घेतात, तिसऱ्यांदा "आपल्यात काय, थोडे कमी करा ना" सुरू! परक्याने पुन्हा मागवलं तर माल चांगला.

ऐरोलीचा_कुर्तेवाला: दोन वर्षं ॲपवर कुर्ते विकलेत, म्हणून सांगतो, नको. कमिशन, शिपिंग आणि वर कॅश ऑन डिलिव्हरी. दारात पार्सल आलं की "आता नको" म्हणतात, फेरा आपल्या माथी. माझा कुर्ता परत आला तर इस्त्री मारून पुन्हा विकता येतो. भाजणी पंधरा दिवस फिरून आली तर काय, महिनाभर घरात थालीपीठंच? शिवाय गिऱ्हाईकाचा नंबरही हाती लागत नाही, म्हणजे दिवाळीला "चकलीची भाजणी तयार आहे" हे कळवणार कुणाला? आणि जीएसटी पहिल्या रुपयापासून.

कासारवडवलीकर: जीएसटीचं जुनं झालं, भाऊ. उलाढाल ४० लाखांच्या आत आणि माल राज्यातल्या राज्यात जात असेल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून ॲपवरही नोंदणीची सक्ती नाही. जीएसटीच्या पोर्टलवर पॅन देऊन एनरोलमेंट नंबर घ्यायचा. पुणे-नाशिक तेवढ्यावर होतं, बंगळुरूला पाठवायचं तर नोंदणी लागते. पार्सल परत येण्याचं मात्र खरं आहे.

वाशीची_मावशी: भांडा नंतर. एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी आहे का गं? ग्रुपवर विकलं तरी लागते. बेसिकला वर्षाचे १०० रुपये, नंबर पाकिटावर छापायचा. आणि धणे-खोबरं किरकोळीत घेत असशील तर आधी आमच्या एपीएमसीच्या मसाला मार्केटला ये. पैसे तिथेच सुटतील.

नौपाड्याची_भाजणीवाली: नोंदणी आहे, मावशी. भाजणी ग्रुपवरच ठेवते, मसाला टिकतो म्हणून तेवढा ॲपवर टाकून बघते. अर्ध्या किलोचं पाकीट करू का?

ऐरोलीचा_कुर्तेवाला: ऐकणार नाहीच तर! मग ४०० ग्रॅमचं करा. ॲपवाले खोक्यासकट वजन धरतात, ५०० च्या वर गेलं की शिपिंगचा पुढचा स्लॅब लागतो.