मदत हवी आहे: टीबी आणि इन्सुलिन चालू असलेला रुग्ण दहा दिवसांत सीमेपलीकडे जातोय

प्रश्न
घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविकांच्या गटाचं काम बघते. आमच्याकडचा एक बांधकाम मजूर दहा दिवसांनी दुसऱ्या देशात कामाला निघतोय. फुफ्फुसाचा टीबी आहे, रिफॅम्पिसिन (टीबीचं मुख्य औषध) लागू पडतंय, रोजच्या चार औषधांच्या गोळ्यांचे 38 डोस झालेत. शिवाय मधुमेह, दोन वेळा इन्सुलिन. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली आहे, पत्रही देतील. पत्रात काय असलंच पाहिजे? गोळ्या किती द्यायच्या? आणि तिकडे तो औषध घेतोय हे कळणार कसं?

उत्तर 1
ताई, आधी डोस मोजा. निघेपर्यंत 48 होतील. पहिला टप्पा 56 डोसांचा, म्हणजे गोळी बदलायची वेळ तिकडे पोचल्यावर आठच दिवसांत येणार. घोटाळा होतो तो इथेच: पाकीट संपलं की गोळ्या थांबतात, नाहीतर जुन्याच पुढे चालू राहतात. डॉक्टरांना महिन्याभराच्या गोळ्या दोन पाकिटांत मागा, 8 डोस चार औषधांचे आणि 22 पुढच्या टप्प्याचे. पाकिटांवर ठळक 1 आणि 2 घाला. 56व्या डोसाच्या सुमारास थुंकी तपासायची असते, तेही पत्रात लिहून घ्या. या टप्प्यात 14 दिवस किंवा जास्त खंड पडला तर उपचार सहसा पुन्हा पहिल्यापासून करावे लागतात, हे त्याला आणि घरच्यांना आत्ताच सांगा.

पत्रात ब्रँडचं नाव पुरत नाही, तिकडे तो ब्रँड नसेल. औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, रोजच्या गोळ्या, वजन, झालेले डोस, थुंकीचे आणि एचआयव्हीचे निकाल हवेत. तारखेतला महिना अक्षरांत लिहा. 03/04 म्हणजे कुठे 3 एप्रिल, कुठे 4 मार्च, आणि डोसांचा हिशोब महिन्याने चुकतो. व्हिसा किंवा मालकाबद्दल एक शब्दही नको. त्या धास्तीने लोक पत्र खिशातून काढतच नाहीत.

उत्तर 2
टीबीच्या नादात इन्सुलिन मागे पडायला नको, जिवावर बेतू शकतं ते. इन्सुलिनची बाटली 40 ची की 100 ची (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट की 100), आधी बघा. तिकडे 100 ची मिळाली आणि त्याने 40 च्या सिरिंजने नेहमीच्या 20 खुणेपर्यंत भरली, तर 20 ऐवजी 50 युनिट जातील, साखर धाडकन खाली. ग्लुकोमीटरचा (साखर मोजायच्या यंत्राचा) आकडाही वेगळा दिसू शकतो, कारण काही देशांत मोजायचं एकक वेगळं असतं: इथले 180 (mg/dL) म्हणजे तिथले 10 (mmol/L). घाबरून त्याने डोस बंद करू नये.

पत्र हातात दिलं म्हणजे रुग्ण सोपवला असं होत नाही. नव्या दवाखान्याने पहिला डोस दिल्याचं कळवेपर्यंत वहीतलं त्याचं नाव काढू नका. सीमा ओलांडली की सिम बदलतं, म्हणून त्याच्या संमतीने घरचे दोन नंबर आणि सोबत्याचा एक नंबर घ्या. पोचल्यावर तिसऱ्या दिवशी फोन, मग पाकीट बदलायच्या आदल्या दिवशी.

प्रश्नकर्ती
बाटली 40 चीच आहे, सिरिंज लाल टोपीची. सोबत किती द्याव्यात?

उत्तर 2
दिवसाला दोन, महिन्याच्या 60. शिवाय पत्रात युनिटपुढे '40 ची बाटली' लिहून घ्या. तिकडे 100 ची सुरू झाली की उरलेल्या लाल टोपीच्या सिरिंज टाकून द्यायच्या. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवायला सांगा. विमानाच्या पोटात टाकलेल्या सामानात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं वापरायचं नाही.