मदत हवी आहे: म्यूटेक्स लावूनही सामाईक गणक चुकतो

प्रश्नकर्ता: आमच्या सी लायब्ररीत एक सामाईक गणक आहे. दोन थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारे प्रवाह) तो प्रत्येकी १० लाख वेळा वाढवतात, म्हणजे शेवटी २० लाख यायला हवेत. प्रत्यक्षात कधी १३,४२,०८८ येतात, कधी १५ लाखांच्या आसपास. म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) लावलेला आहे, तेव्हा तोच सल्ला कृपया देऊ नये. काम उद्या द्यायचे आहे.

जुनाजाणता: गणक व्होलाटाइल करा, म्हणजे तो दर वेळी मेमरीतूनच वाचला जाईल. कंपायलर त्याची किंमत प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये धरून बसत असणार. आमच्या मायक्रोकंट्रोलरवर एवढ्यानेच भागले होते.

अर्धविराम: तिथे भागले असेल, इथे भागणार नाही. गणक वाढवणे दिसायला एक क्रिया असली, तरी त्यात वाचणे, वाढवणे आणि परत लिहिणे अशा तीन पायऱ्या असतात. दोन्ही थ्रेडनी ५ वाचले, तर दोघेही ६ लिहितात आणि एक वाढ गायब होते. व्होलाटाइलमुळे या पायऱ्या अखंड होत नाहीत. सी११ (सी भाषेची २०११ ची आवृत्ती) मधला अ‍ॅटॉमिक, म्हणजे या पायऱ्या अखंड करणारा, प्रकार वापरा, कुलूपच नको.

प्रश्नकर्ता: गणकाबरोबर एक यादीही बदलते. कुलूप हवेच.

रिकामाकंस: म्यूटेक्स दोन प्रोसेसमध्ये (वेगवेगळ्या चालू प्रोग्रॅममध्ये) वापरायचा असेल, तर तो शेअर्ड मेमरीत ठेवून त्याला प्रोसेस-शेअर्ड गुणधर्म द्यावा लागतो.

प्रश्नकर्ता: प्रोसेस एकच आहे हो!

पाटीपेन्सिल: म्यूटेक्स कुठे घोषित केला आहे? दोन्ही थ्रेडची फंक्शने एकाच फाइलमध्ये आहेत का?

प्रश्नकर्ता: फंक्शने दोन फाइलींत आहेत. म्यूटेक्स हेडरमध्ये (दोन्ही फाइलींत समाविष्ट होणाऱ्या फाइलीत), स्टॅटिक (त्या त्या फाइलीपुरता). स्टॅटिक काढले की लिंकर (फाइली एकत्र जोडणारा प्रोग्रॅम) म्यूटेक्सच्या दोन व्याख्या असल्याची तक्रार करतो. पण त्याचा इथे काय संबंध?

पाटीपेन्सिल: सगळा संबंध तिथेच आहे. हेडरमधला स्टॅटिक म्यूटेक्स प्रत्येक सी फाइलला आपापला मिळतो, म्हणजे एकाच खोलीच्या दोन दारांना तुम्ही दोन वेगळी कुलपे लावली आहेत. लिंकर बिचारा खरे तेच सांगत होता. हेडरमध्ये एक्स्टर्न (व्याख्या दुसरीकडे आहे असे सांगणारी) घोषणा ठेवा आणि व्याख्या एकाच सी फाइलमध्ये लिहा. खात्री हवी असेल, तर दोन्ही फाइलींतून म्यूटेक्सचा पत्ता छापून पाहा.

प्रश्नकर्ता: पत्ते खरोखरच वेगळे निघाले. बदल केल्यावर पाचही वेळा २०,००,००० आले. आभारी आहे.

जुनाजाणता: तरीही व्होलाटाइल राहू द्या.