पंकच्या लाइव्ह व्हिडिओत मुलाखती कशाला?

टिळकवाडीचा गिटारवाला:
रविवारी गल्लीतल्या पोरांना घेऊन ग्रीन डे ह्या अमेरिकन पंक (म्हणजे वेगवान, रांगडं रॉक) बँडचा ‘बुलेट इन अ बायबल’ हा लाइव्ह व्हिडिओ परत बघितला. जून 2005, इंग्लंडातलं मिल्टन कीन्स, दोन दिवसांत मिळून 1,30,000 माणूस. वाजवलंय झकास, त्यावर भांडण नाही. पण गाणं रंगात आलं की पुढं मुलाखत! गाणारा बिली जो बोलूलालाय, आम्ही गप बसून ऐकूलालोय. भजनात दर अभंगामागं बुवांची मुलाखत लावली तर चालेल काय? वर आणि आगीचे लोळ. पंकचं लाइव्ह रेमोन्स ह्या जुन्या पंक बँडसारखं पायजे. लंडनचं रेनबो थिएटर, 31 डिसेंबर 1977. त्या रात्रीच्या आल्बमात 28 गाणी, 54 मिनिटांत. टाळ्या विरायच्या आत बेस वाजवणारा डी डी ओरडतो ‘वन टू थ्री फोर’ आणि पुढचं सुरू. गिटारवर जॉनीचा उजवा हात नुसता खाली, खाली, खाली. मनगटं दुखतात आमची बघून.

खानापूर रोड:
गर्दी जमली की पंक संपलं, हा कुठला न्याय गा? ह्याच ग्रीन डेनं मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला म्हणून बर्कलीच्या 924 गिलमन ह्या पंक क्लबनं त्यांना दार बंद केलं होतं. पोरगं कमवायला लागलं म्हणून भावकीनं वाळीत टाकल्यासारखं. तू पण तेच करूलालास. आणि रेमोन्सनी त्या दौऱ्यातले चार कार्यक्रम रेकॉर्ड केले, त्यातला एक उचलला. म्हणजे निवडानिवड तिथंही झालीच की.

टिळकवाडीचा गिटारवाला:
निवडणं वेगळं, मध्ये तोंड घालणं वेगळं.

शहापूरचा हलगीवाला:
आगीचं, गर्दीचं जाऊंदे, आवाजाचं बोला. शिवजयंतीच्या चित्ररथापुढं आम्ही रात्रभर हलगी बडवली. सकाळी कुणीतरी मोबाईलवरचा व्हिडिओ पाठवला, तर त्यात मागच्या डॉल्बीचा घर्रर्र आणि आमचे हात हलूलालेत. मुकी हलगी! आईला दाखवायची लाज वाटली. मिल्टन कीन्सच्या व्हिडिओत ग्रीन डेचा ड्रमवाला ट्रे कूल, त्याच्या काडीचा फटका न फटका वेगळा लागतो कानाला. त्याला पैसा लागतो, माणसं लागतात. मुलाखत नको तर पुढं ढकल की.

निपाणीची:
मला तर मुलाखती पाहिजेतच. अशी बँड आपल्याकडं कधी यायची? बेंगळुरूला आली तरी रात्रभराची बस, आणि घरून सोडणार कोण? मला व्हिडिओ हेच थिएटर. माझ्याबरोबर आजी बघत होती. तिनं विचारलं, ‘हा पोरगा एवढा चिडलाय कुणावर?’ मग सांगत बसले, इराकची लढाई चालू होती, 2004 साली ह्यांनी अमेरिकेच्या सरकारला शिव्या घालणारा आल्बम काढला. पुढची गाणी तिनं चष्मा लावून बघितली. नुसती गाणी असती तर उठून भाजी निवडायला गेली असती.

खानापूर रोड:
आजी जिंकल्या.

टिळकवाडीचा गिटारवाला:
आजींना रेमोन्स दाखवा. काही सांगावं लागायचं नाही.

निपाणीची:
दाखवला की. रेमोन्सच्या 2007 च्या डीव्हीडीत त्या रेनबोच्या रात्रीची गाणी आहेत. दोन गाणी बघून म्हणाली, ‘ह्यांची शेवटची एसटी चुकणार आहे काय?’